आठ लिटरची तांबडी टाकी आणि आपले सासरे

नारिन, मंगळवार

ज्येष्ठ साडूभाऊ मुकाम्बेत यांस धाकट्या साडूचा, म्हणजे शार्शेनचा, सलाम.

एकाच सासऱ्याच्या जावयांनो! (सभा दोघांचीच आहे, त्यातलाही एक मीच. पण तीस वर्षं गावोगाव व्याख्यानं दिलेल्या माणसाला समोर लोक बसलेत असं धरल्याशिवाय तोंड उघडता येत नाही, तेव्हा सांभाळून घ्या.) आपल्या दोघांवर एकच अन्याय झालेला आहे आणि तो गेली पंचवीस वर्षं चालू आहे. ज्या माणसाकडे आपल्याला पाठ करता येत नाही, ज्याच्यापुढे आवाज चढवता येत नाही, ज्याला 'नाही' हा शब्द ऐकवता येत नाही, नेमक्या त्याच माणसाला जगातली प्रत्येक गोष्ट कळते! मेंढ्या कळतात हे मी मान्य करतो. घोडे कळतात, मान्य. पण रेडिएटर? बॉयलर? पाण्याचा फुगवटा? साडूभाऊ, आपण दोघांनी लग्नं केली ती दोन बहिणींशी, आणि संसार करतो आहोत तो असानाकून नावाच्या एका माजी मुख्य मेंढपाळाशी.

असो. आधी रीत. तुमचा गुडघा कसा आहे? झूराकानताईंचं रक्तदाबाचं औषध चालू आहे ना? मुलंबाळं, शेजारीपाजारी, गाडी, सगळे धडधाकट असतील अशी आशा करतो. इकडे सगळं खुशाल आहे असं लिहायचं असतं म्हणून लिहितो. छप्पर सोडून सगळं खुशाल आहे. हे फोनवर का सांगत नाही असं विचाराल, तर फोन बैठकीच्या खोलीत आहे आणि त्या खोलीत सासरेबुवा आहेत. म्हणून हे पत्र तुमच्याकडच्या मिनीबसच्या ड्रायव्हरच्या हाती देतो आहे.

मुद्दा टाकीचा दिसत असला तरी खरा मुद्दा सासूबाईंचा आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या छातीला नळी लावून स्पष्ट सांगितलं की ज्या खोलीत ही बाई झोपणार त्या खोलीत यंदा कोळशाची शेगडी पेटता कामा नये. तेव्हा बॉयलर बाहेरच्या पडवीत, घरभर नळ, खोल्याखोल्यांत रेडिएटर, असा बेत ठरला. आणि तुम्ही फोनवर म्हणालात की महिनाअखेरीपर्यंत घर धुराशिवाय गरम झालं नाही, तर रविवारी गाडी घेऊन येतो आणि आईंना बिश्केकला आमच्या फ्लॅटवर नेतो. बोललात ते काळजीने बोललात, त्याबद्दल राग नाही. (आहे, पण थोडा.) पण सासरेबुवा काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंत. "तिला न्या. मी माझा घोडा सोडून येणार नाही." साडूभाऊ, डोंगरावरच्या मेंढवाड्यात, तंबूत, जिथे हिवाळा गाठेल तिथे या दोघांनी तो मिळून काढलेला आहे. एकमेकांवाचून हिवाळा काढायची सवय त्यांना नाही. आणि हे सगळं अडलं कशावर? एका टाकीवर.

टाकी म्हणजे कुठली ते सांगतो, कारण तुम्ही ती पाठवलीत खरी, पण दुकानदाराने काय सांगितलं तेवढंच ऐकून पाठवलीत. पाणी तापलं की फुगतं. पातेल्यातलं दूध वर येतं तसं. नळांमध्ये कोंडलेलं पाणी तापलं की त्यालाही कुठेतरी वर यायचं असतं, आणि त्याला जागा दिली नाही तर ते स्वतः जागा करून घेतं, मग ती जागा रेडिएटरच्या सांध्यात असेल नाहीतर बॉयलरच्या पोटात. म्हणून ही फुगवट्याची टाकी. तिचे प्रकार दोन. एक बंद टाकी, जिच्या पोटात रबराचा पडदा असतो, पडद्याच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला पाणी. दुसरी उघडी, ती माळ्यावर सगळ्यात उंच ठेवायची आणि तिचं तोंड हवेला मोकळं ठेवायचं. एवढंच शास्त्र आहे. हे शास्त्र मी आपल्या घरातल्या प्रत्येक माणसाला सांगितलं. माझ्या बायकोला, बुरुलचाला, इतक्यांदा सांगितलं की ती आता माझ्याआधी वाक्य पुरं करते.

आता किती मोठी टाकी घ्यायची? मी बाजारात तीन दुकानं फिरलो. पहिल्याने विचारलं, घर केवढं? दुसऱ्याने विचारलं, पैसे किती आणलेत? तिसऱ्याकडे गरम पाण्याच्या तांबड्या टाक्या संपल्या होत्या, तर तो निळी टाकी माझ्या गळ्यात मारायला लागला. निळी टाकी विहिरीच्या गार पाण्याची असते, तिचं रबर उकळत्या पाण्याला टिकत नाही, हे मला, इतिहासाच्या मास्तरला, ठाऊक. त्या दुकानदाराला, ज्याच्या पाटीवर 'ऊब आणि पाणी' असं लिहिलेलं आहे त्याला, ठाऊक नाही! म्हणतो कसा, "मास्तर, रंगावरून पाणी थोडंच ओळखतं?" मी त्याच्या दुकानासमोर उभा राहून बोललो. बराच वेळ बोललो. गर्दी जमली. गर्दीतल्या दोघांनी निळ्या टाक्या घेतल्या.

एकानेही विचारलं नाही की मास्तर, तुमच्या नळांत पाणी मावतं किती! टाकीचं माप त्यावरच ठरतं ना? जेवढं पाणी, त्याचा साधारण दहावा हिस्सा. म्हणून मी ठरवलं की नळ भरताना दहा-दहा लिटरच्या बादल्या मोजून ओतायच्या. मी शिडीवर, तोलोगोन वेल्डर नळापाशी, आणि मोजायला सासरेबुवा. मोजणीत त्यांचा हात कोणी धरणार नाही, सगळं आयुष्य त्यांनी मेंढ्या मोजण्यात घालवलं. शेवटची बादली ओतून झाली. मी वरून ओरडलो, "किती?" ते म्हणाले, "नऊ." मला ते कमी वाटलं. माझा खांदा अठरा बादल्यांनी दुखायला हवा तेवढा दुखत होता. पण सासऱ्यांच्या आकड्यावर जावयाने खांदा पुढे करायचा का? मी गप्प राहिलो. आणि मी खाली उतरून हात धुवेपर्यंत त्यांनी तुम्हाला फोन करून टाकला: नव्वद लिटर पाणी, नऊ लिटरची टाकी, बिश्केकात चांगली मिळते, पाठवून दे. तुम्ही बिचारे बाजारात गेलात, नऊची नव्हती म्हणून आठची घेतलीत. तुमचा दोष नाही. (दुकानदाराला एकदा विचारायचं होतंत. असो.)

खरा प्रकार दुसऱ्या दिवशी न्याहारीला कळला. सासूबाई चहा ओतता ओतता सहज म्हणाल्या, "हे नेहमी जोडीनेच मोजतात." म्हणजे मेंढवाड्याच्या फाटकातून मेंढ्या दोन-दोन सोडायच्या आणि दोन मेंढ्यांना एक म्हणायचं. त्यांनी बादल्याही जोडीने मोजल्या! मी सासरेबुवांकडे पाहिलं. ते शांतपणे पाव मोडत म्हणाले, "मग? तुला दुप्पट करता येत नाही? शिकलेला आहेस ना?"

तर अशी ती तुमची आठ लिटरची तांबडी टाकी, अठराची गरज असलेल्या घरात येऊन पोचली. मी म्हटलं, परत करू. सासरेबुवा म्हणाले, जावयाने पाठवलेली वस्तू परत करणं म्हणजे जावयाच्या तोंडावर दार आपटणं. मी म्हटलं, मीही जावईच आहे. ते म्हणाले, "तू काही पाठवलेलं नाहीस." मी तोलोगोनकडे वळलो. तोलोगोन हा नारिनमधला सगळ्यात मागणी असलेला वेल्डर आहे आणि त्याचं कारण मला आता कळलं. तो कोणालाच नाही म्हणत नाही. मी म्हटलं, तोलोगोन, आठची टाकी या घराला पुरेल का? तो म्हणाला, "नाही पुरणार, मास्तर." सासरेबुवा म्हणाले, लाव. तो म्हणाला, "असंही चालतं." आणि लावली.

बॉयलर पेटवला. पाणी तापलं, फुगलं, टाकी तुडुंब झाली, दाबाचा काटा चढला आणि सुरक्षेचा व्हॉल्व्ह पडवीभर थुंकायला लागला. थांबेचना. अर्धं पाणी पडवीत, तिथून अंगणात, अंगणातून घोड्याच्या पायांखाली. आणि मग बॉयलर निवल्यावर नळांतलं पाणी इतकं कमी झालेलं की मागच्या खोलीतले रेडिएटर रिकामे वाजायला लागले. नेमकी सासूबाईंची खोली. त्या दोन स्वेटर घालून खोकत बसलेल्या आणि वर मलाच समजावतात, "बाळ, तू नको चिडूस, मी बिश्केकला जाईन ना." त्यावर तर मी आणखीच चिडलो. तेवढ्यात वीज गेली, पाणी फिरवणारा पंप बंद पडला, आणि माझ्या सहनशीलतेचाही.

मी सगळ्यांना बैठकीत बोलावलं आणि उभा राहून बोललो. साडूभाऊ, ते भाषण तुम्ही ऐकायला हवं होतंत. मी म्हटलं, आपण कोण लोक आहोत? हजारो वर्षं तंबू उभारताना ज्यांनी आधी त्याच्या डोक्यावरचं धुराचं भोक बांधलं आणि मग बाकीचं घर त्याच्या आधाराने उभं केलं, ते लोक आपण! त्या भोकाचं लाकडी कडं आज आपल्या झेंड्यावर आहे. का आहे? दिसायला गोल आहे म्हणून? नाही! घरात जिथे विस्तव आहे तिथे डोक्यावर वाट मोकळी हवी, हे आपल्या आज्यापणज्यांना समजलं होतं म्हणून! आणि आज आपण विस्तवावर पाणी ठेवतो आणि ते आठ लिटरच्या डब्यात कोंडतो? वीज गेली की ज्याचा जीव जातो त्या पंपावर म्हाताऱ्या माणसाची छाती टांगतो? या घरात उघडी टाकी बसेल! माळ्यावर बसेल! आणि तिचं तोंड कायम मोकळं राहील!

सासूबाईंनी टाळी वाजवली. बुरुलचा म्हणाली, "टाकी कुठली आणणार ते सांगा आता." सासरेबुवा गप्प होते. मला वाटलं, पटलं. (इथेच माझं चुकलं. ते पटल्यावर कधीच गप्प बसत नाहीत.)

उघड्या टाकीला माप काटेकोर लागत नाही, मोठी असली तरी बिघडत नाही, म्हणून आपल्याच कोठारातला दुधाचा चाळीस लिटरचा ॲल्युमिनियमचा कॅन घेतला, त्यातल्या त्यात उंचात उंच जागी, माळ्यावर, बैठकीच्या बरोब्बर वर बसवला. खालून नळ जोडला, वरच्या कडेला जादा पाण्यासाठी दुसरी नळी काढून अंगणात सोडली. पाणी एक तृतीयांश भरलं, वरचं सगळं फुगवट्यासाठी मोकळं. झाकण नुसतं टेकवून ठेवलं, कचरा पडू नये म्हणून. माळ्यावर गारठून जाऊ नये म्हणून सासरेबुवांच्या जुन्या तंबूचा नमदा, म्हणजे लोकरीचं जाड आच्छादन, त्याला गुंडाळला. आणि काय सांगू, पहिल्याच पेटवणीत घर असं तापलं की सासूबाईंनी एक स्वेटर काढला. मी तो स्वेटर स्वतः घडी करून फडताळात ठेवला.

आता गोष्ट अशी की शेजाऱ्यांनी या कामाला आपण होऊन हात लावलेला, नळ वाहिलेले, भिंतीला भोकं पाडलेली. त्यांना जेवू घालणं आलंच. मेंढा कापला. बैठकीत दारासमोरची मानाची जागा सासरेबुवांनी मोठ्या मनाने तोलोगोनला दिली आणि मेंढ्याचं मुंडकंही त्याच्यापुढे ठेवलं. मी म्हटलं, चला, निदान एक गोष्ट नीट होते आहे. घरात उकाडा होत होता, कारण पाहुणे येणार म्हणून सासरेबुवांनी बॉयलरमध्ये स्वतः जाऊन कारा-केचेच्या खाणीतला कोळसा गच्च भरला होता. रेडिएटर आतून ठोकल्यासारखे वाजायला लागले. ढम. ढम. मी म्हटलं, हे काय वाजतंय? सासरेबुवा म्हणाले, "काम करतंय." तोलोगोन तोंडातला घास न काढता म्हणाला, "तसंही वाजतं."

मग जेवणाअखेर सगळ्यांनी ओंजळी पसरल्या, सासरेबुवांनी घराला, उबेला, राबलेल्या हातांना दुवा दिली, आणि सगळ्यांनी ओंजळी तोंडावरून फिरवल्या त्याच क्षणी डोक्यावर तोफ उडाली. खोटं सांगत नाही, तोफ. कॅनचं झाकण छपराचा पत्रा फोडून बाहेर गेलं आणि नंतर शेजारच्यांच्या गवताच्या गंजीवर सापडलं. कॅन कलंडला, आणि नळांचं काळंकुट्ट पाणी, वर माळ्यावरची कित्येक वर्षांची धूळ मिसळून, गारव्यातून येता येता कोमट होऊन, छताच्या फळ्यांतून थेट मानाच्या जागेवर उतरलं. तोलोगोनच्या डोक्यावरून, दाढीतून, मुंडक्यावर. तोलोगोनने डोळे पुसले, वर पाहिलं, आणि म्हणाला, "असं मात्र चालत नाही."

मी माळ्यावर धावलो. तिथे काय दिसलं? जादा पाण्याच्या नळीत चिंधीचा बोळा. कॅनच्या कडीला आणि झाकणाच्या तुटक्या खिट्टीला लोंबणारी घोड्याच्या केसांची दोरी, तिला ती गाठ, जी या जिल्ह्यात एकच माणूस मारतो. जसा आंबवायला ठेवलेल्या पेयाचा कॅन नमद्यात गुंडाळून आवळतात, तसा माझा कॅन आवळलेला! माझं भाषण! माझा झेंडा! माझे आजेपणजे! ज्या माणसाने हयातभर तंबूत राहून, विस्तव पेटता असताना छताचं भोक एकदाही झाकलं नाही, त्याने बॉयलरच्या डोक्यावर झाकण बांधलं!

मी खाली आलो. आणि त्या दिवशी, साडूभाऊ, मी ते केलं जे आपल्यापैकी कोणी केलेलं नाही. सगळ्यांसमोर, आवाज चढवून, मी विचारलं, "कशाला बांधलंत?"

ते म्हणाले, "वाफ जात होती."

"जाणारच! तिने जायलाच हवं!"

"घोड्याला चारा घालताना रोज बघतो. छपरातून वाफ बाहेर पडते. चिमण्या येऊन शेकतात तिथे." मग मान खाली घालून, बोटाने गालिच्यावरचं काळं पाणी पुसत म्हणाले, "तिच्या वाट्याची ऊब होती ना ती."

माझ्याकडे त्यावर भाषण नव्हतं. याचाही मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. माणूस चूक करतो, छप्पर फोडतो, कारागिराला काळ्या पाण्याने आंघोळ घालतो, आणि वर असं काहीतरी बोलतो की समोरच्याला धड रागवताही येऊ नये! हा कुठला न्याय? सासूबाई उठल्या, फडकं आणलं, त्यांचा हात बाजूला सारून स्वतः पुसायला लागल्या.

पत्रा लावून झाला आहे. नवा कॅन बसवला आहे, झाकणच ठेवलेलं नाही, वर छपरातून बाहेर उघडी नळी काढली आहे आणि चिमण्या येतात त्या येतात. कालपासून घर पुन्हा तापतं आहे. सासरेबुवा बाजारात सांगत फिरतात की उघडी टाकी ही त्यांचीच कल्पना, तंबूवरून सुचली. मी खंडन करत नाही. एवढं ऐकून घेतलंत, आभारी आहे. झूराकानताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला संतप्त,
शार्शेन

ता. क. वर जे लिहिलं त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे आणि उघड्या टाकीवरची माझी निष्ठा अढळ आहे. तरी पुढच्या उन्हाळ्यात जमलं तर चोवीस लिटरची तांबडी टाकी पाहून ठेवाल का? उघड्या टाकीतलं पाणी वाफ होऊन उडतं, ते भरायला मला सारखं माळ्यावर जावं लागतं, आणि बुरुलचा म्हणते की मी वर गेलो की एकटाच बोलतो. तिचं म्हणणं, माझ्यासारख्याला तरी बंद टाकीच बरी.

ता. क. दुसरा. पत्र खरं यासाठीच लिहिलं. घर गरम आहे, सासूबाई रात्रभर खोकत नाहीत, आणि तरीही त्या गाठोडं बांधायला लागल्या आहेत. त्यांना वाटतं हे सगळं भांडण, छप्पर, तोलोगोन, त्यांच्या छातीपायी झालं. मी म्हटलं, राहा. त्या म्हणाल्या, "हे म्हणाले तर राहीन." मी सासऱ्यांकडे गोठ्यात गेलो, म्हटलं, त्यांना राहा म्हणा. ते घोड्याला खरारा करत होते (कालपासून त्याला इतका खरारा झाला आहे की त्याला थंडी वाजेल). म्हणाले, "ती पाहुणी आहे का, राहा म्हणायला?" ते म्हणणार नाहीत आणि त्या विचारणार नाहीत. प्रवासात पाय गारठू नयेत म्हणून सासूबाईंचे नमद्याचे बूट मात्र त्यांनी आजपासूनच रेडिएटरवर तापत ठेवले आहेत. मी आयुष्यभर व्यासपीठावरून खोटेपणाविरुद्ध बोललो, पण या दोघांपुढे खऱ्याने काम होत नाही. तुमचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर आहे. शुक्रवारी, दुपारच्या चहाच्या वेळी, सासूबाईंना फोन करा आणि सांगा की लिफ्ट बंद पडली आहे, वसंतापर्यंत दुरुस्त होणार नाही. फोन सासऱ्यांनी उचलला तर काही न बोलता ठेवून द्या आणि पुन्हा करा. नाहीतर ते लिफ्ट दुरुस्त कशी करायची ते सांगत बसतील.